वीतभर कापड

पेझलीत विणकरांच्या जुन्या घरात
शनिवारी तिकीट नसतं, दाराशी फक्त एक बरणी.
दोन पौंड टाकून मी ओल्या छत्रीसकट आत शिरले.
आत हीटर असतो, म्हणून. खोटं कशाला सांगू.

समोर माग.
आणि मागाच्या डोक्यावरून आढ्यापर्यंत चढत गेलेली
पुठ्ठ्यांची माळ,
एकाला एक दोऱ्याने शिवलेली,
नुसती भोकंच भोकं.

येवल्याला आमच्या ओट्यावर दादा हेच करायचे.
ग्राफच्या चौकटी मोजायच्या, पुठ्ठ्यावर पंच मारायचा.
भोक असलं की दोरा वर.
नसलं की दोरा जागच्या जागी.
"हो आणि नाही, बाकी काही नाही गं यात.
पण एक हो चुकला, की मोराची मान मोडते."
पंचाखाली सांडलेल्या टिकल्या मी वेचायचे.
भातुकलीत त्याच आमच्या नोटा
आणि त्याच साबुदाणा.

मागावर ह्यू गेमेल. वय ब्याऐंशी.
त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं,
माझं त्याला त्याहून कमी.
कापडावर कोयऱ्या उतरत होत्या.
या गावाने तिला आपलं आडनाव दिलंय,
आम्ही अजून तिला
माहेरच्या नावानेच हाक मारतो.

शाळेची पोरं आली होती, कंटाळलेली.
एकाने विचारलंच, "पण याचा आता उपयोग काय?"
मला वाटलं, आता कॉम्प्युटर निघणार,
या भोकांतूनच तो कसा जन्मला वगैरे.
मी बसच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर तपासते,
माझ्याच्याने तेवढं सांगवलं असतं.

ह्यू काही बोलला नाही.
त्याने शर्टाची वरची तीन बटणं काढली.

गळ्याच्या खळगीपासून सरळ खाली
पांढरी पडलेली शिवण.
"इथली मोठी धमनी फुगली होती माझी.
कापून टाकली.
तिच्या जागी वीतभर कापड आहे.
नळीसारखं, मागावर विणलेलं.
माझी भाची म्हणते, तिच्याच पाळीत निघालं.
खरंखोटं तिलाच ठाऊक."

सगळे गप्प.
मग मागून एक बारीक आवाज:
"ते धुता येतं का?"
ह्यू इतका हसला की धोटा खाली पडला
आणि ताण्याचा एक दोरा तुटला.

तो सांधताना त्याची बोटं थरथरली. एकदा. पुन्हा.
मी छत्री ठेवली.
आमच्याकडे गाठ मारत नाहीत,
चिमटीत राख घेऊन पीळ देतात.
राख कुठून आणणार? पोरांच्या बाईंकडे खडू होता.
वीस वर्षांत मी सुताला हात लावला नव्हता.
बोटांनी मला न विचारताच केलं.

ह्यू वाकून बघत राहिला.
नखाने दोरा हलकेच छेडला, कान लावला,
म्हणाला काहीतरी. मला कळलं नाही.
पण पुढचा धोटा त्याने माझ्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये दादांना फोन लावला.
सगळं सांगितलं: पुठ्ठे, धमनी, खडू,
कुठल्या काळची कला कुठल्या माणसाच्या छातीत...
"पुरे," ते म्हणाले, "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.
दोरा धरला का?"
"धरला."
"मग झालं."

तिकडे पंखा कुरकुरत होता. इकडे वायपर.
मला वाटलं, ठेवतील आता.

"आणि काय गं,
त्या माणसाच्या कापडाला
काठ आहे का?"

"विचारलं नाही, दादा."

"मग पुढच्या शनिवारी विचार.
बिनकाठाचं कापड उसवतं."